येऊन राहिली

भुताचे सिनेमे मी जन्मभर दुपारीच पाहिले. लोकांना वाटतं, ही बाई रात्री दिवे मालवून, उशी पोटाशी धरून बसत असणार. कशाची बसते! रात्री घरात माणसं असतात, कुकर असतो, बातम्या असतात. घाबरायला सवड कुठे? मे महिन्यातल्या नागपूरच्या दुपारी या आणि मग सांगा. रस्त्यावर कुत्रंसुद्धा नसतं. खिडकीला वाळ्याची ताटी, कूलर घरघरतोय, आणि मध्येच लाइट जाते. पंखा हळूहळू थांबतो. अशा वेळी शेजारच्या खोलीत कोणी नाही ना, हे मी अजूनही एकदा उठून बघते.

माझा धंदा भीतीदायक सिनेमे पाहून कोणाला कोणता झेपेल ते सांगण्याचा. सुरुवात नागपूरच्या महाल भागातल्या दिराच्या कॅसेटच्या दुकानात झाली. दिराला मारामारीची आवड, म्हणून भुतांचा कप्पा त्याने माझ्या गळ्यात मारला. पुढे इथल्या एका पेपरात दर आठवड्याला लिहू लागले. कॅसेटी गेल्या, सीड्या आल्या, त्याही गेल्या, दुकानाच्या जागी आता मोबाइलची कव्हरं विकतात. गिऱ्हाइकं मात्र टिकली. फोनवर आवाजातले निरोप येतात, "नलूताई, रविवारी काय पाहू?" आणि मी सांगते. संपादकांनी या लेखासाठी प्रमाण भाषेची ताकीद दिली आहे, म्हणून तसंच लिहून राहिली. हे बघा, घसरलेच. आमच्याकडे 'लिहून राहिली' म्हणजे 'लिहिते आहे'. तुमच्याकडे त्याचा अर्थ लिहिलं आणि तिथेच मुक्काम ठोकला, असा काहीतरी होत असेल. एवढं ध्यानात ठेवा, कारण माझ्या कामातली सांगण्यासारखी खरी गोष्ट याच एका शब्दावर अडली होती.

आधी धंद्याचं सांगते. भुताच्या सिनेमांत एक जात असते भॉकवाल्यांची. शांत, शांत, शांत, आणि मग भॉक! त्याला मी भीती म्हणत नाही, तो दचका. पाणी प्यायलं की उतरतो. दुसरी जात रक्तवाल्यांची. त्यांना शौकीन भरपूर, पण त्यांचं माझं फारसं जमत नाही. तिसरी जात घरात राहणाऱ्यांची. म्हणजे सिनेमा संपतो, आपण भाजी निवडायला बसतो आणि पाठीमागे काहीतरी उरलेलं असतं. ते ओळखायची माझी रीत अशी की सिनेमा पहिल्यांदा आवाज बंद करून पाहायचा. मुकेपणीही भीती वाटली, तर माल खरा. संगीत काढल्यावर उघडे पडलेले नामांकित सिनेमे मी इतके पाहिलेत की नावं घेतली तर पुष्कळांच्या नाकाला मिरच्या झोंबतील.

पण सिनेमा ओळखणं सोपं, माणूस ओळखणं अवघड. सीताबर्डीतले एक साहेब रक्ताचे पाट वाहणारे सिनेमे जेवता जेवता पाहायचे. त्यांना मी मोठ्या भरवशाने एक साधा सिनेमा दिला, ज्यात एक बाई नुसती पाठमोरी भांडी घासत असते. बस, एवढंच. दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन, "नलूताई, आमच्या कामवालीला मी समोरून बोलायला सांगितलं आहे." एका नव्या जोडप्याला पाण्याची भीती असलेला सिनेमा सुचवला, तर पोरगी सांगते, "ताई, हे दोन दिवस झाले आंघोळीले नाही जाऊन राहिले, अन् मले म्हणतात तूच पहिले जा." तेव्हापासून मी 'तुम्हाला कशाची भीती वाटते' असं विचारणं सोडलं. तिथे सगळे खोटं बोलतात. मी विचारते, "घरातलं कोणतं दार तुम्ही सगळ्यात शेवटी लावता?" माणूस थोडा थांबतो, मग सांगतो, आणि त्याला कोणता सिनेमा द्यायचा नाही ते मला कळतं.

गुलाबरावांनाही मी हेच विचारलं होतं.

त्यांचा पहिला निरोप मला अजून पाठ आहे. "नमस्कार जी. मी पारशिवनीहून गुलाबराव बोलून राहिलो. जंगल खात्यात होतो, नाक्यावर. फाटक उघडा, गाडी पाहा, फाटक लावा, जन्म त्याच्यातच गेला. मले असा सिनेमा सांगा, का ज्याच्यात मेलेलं माणूस घरी वापस येते."

मी उलट फोन केला आणि दाराचा प्रश्न टाकला.

"फाटक लावत होतो जी पहिले," ते म्हणाले. "आता नाही लावत."

"काहून भाऊ?"

"बायको येऊन राहिली."

मला वाटलं, माहेरी गेली असेल, बसमध्ये असेल. म्हणून मी सहज विचारलं, कुठे गेल्या होत्या. तर म्हणाले, "वारली ना जी. नागपूरले दवाखान्यात होती. सारखी विचारे, घरी कधी जाऊन राहिलो आपण? मी म्हणायचो, उद्या. मंग गेली. उन्हाचे दिवस, पोरगा दुबईले, सगळे म्हणाले इथंच उरकून घेऊ. घरी आणलंच नाही तिले. आता पायीच येऊन राहिली. कामठीपर्यंत आली."

हे सगळं त्यांनी इतक्या सरळ आवाजात सांगितलं, की मी "बरं" म्हणून मोकळी झाले. बस उशिरा आहे असं कोणी सांगावं, तसा तो आवाज. मी विचारलं, तुम्हाला कसं समजतं कुठपर्यंत आल्या ते. "फाटकावर काम केलं ना ताई. येणारं माणूस दिसायच्या पहिले समजते." मग सिनेमे कशाला पाहिजेत? त्यावरही त्यांचं उत्तर तयार होतं. "आपल्याले रीत माहीत नाही ना. आल्यावर काय करा लागते, काय नाही करा लागत. एवढे लोक सिनेमे काढून राहिले, कोणाले तरी माहीत असंन."

मला त्यांना डॉक्टरकडे पाठवायला हवं होतं, असं तुम्ही म्हणाल. माझ्याही मनात आलं. पण माणूस वेळेवर जेवत होता, झाडांना पाणी घालत होता, सुनेचा फोन चुकवत नव्हता. मी त्यांना एक जुना, संथ सिनेमा सांगितला, ज्यात कोणीतरी लांबून रस्त्याने चालत येतं आणि शेवटपर्यंत पोहोचत नाही. पाहून म्हणाले, "चांगला हाय. चाल बरोबर दाखवली." पुढच्या खेपेला त्यांना पूल असलेला सिनेमा हवा होता. का, तर बायको कन्हानच्या पुलावर अडली होती. "पाण्याले भेते ती पहिल्यापासून. लग्नात नावेत बसली नाही." मग त्यांनी रस्ता वळतो असा मागितला. मग गावच्या शिवेवरचं काटेरी कुंपण असलेला. मग फाटकाचा.

त्यांची तक्रार एकच असायची. "ताई, सिनेमातली मेलेली माणसं कायतरी मागायलेच येतात. बदला पायजे, नाहीतर जीव पायजे. नुसतं घरी यायचं म्हणून कोणीच नाही येत काय?" एवढी वर्षं या धंद्यात घालवली, पण हा प्रश्न मला सुचला नव्हता. मी त्यावर पेपरात लिहिलंसुद्धा, त्यांचं नाव न घालता.

एका दुपारी मी त्यांचे निरोप ओळीने ऐकायला बसले. घरांवरच्या सिनेमांचा लेख लिहायचा होता, त्यांची दोन वाक्यं हवी होती. कामठी, पूल, फाटा, शीव, फाटक. शेवटचा निरोप सकाळीच आलेला, "ताई, आता छपरीतला सांगा. छपरीत कोणी बसते असा." छपरी म्हणजे आमच्याकडे घराची पुढची पडवी. मी फोन पालथा ठेवला. तोवर मी त्यांना सिनेमे सांगत होते असं मला वाटत होतं. प्रत्यक्षात ते मला तिचा रस्ता सांगत होते, आणि तो संपत आला होता. तेवढ्यात लाइट गेली. खरंच गेली, रंगवून सांगत नाही. कूलर थांबला आणि मी उठून आमचं पुढचं दार नुसतं बघून आले.

त्याच आठवड्यात पुण्याहून फोन आला. "मॅडम, मी मृणाल. गुलाबरावांची सून. तुम्ही बाबांच्या डोक्यात काय भरवलंय?"

मुलगी चिडली होती, पण आत पाचावर धारण बसलेली स्पष्ट कळत होती. नवरा दुबईला, हिची पुण्यात नोकरी, सासऱ्यांना रोज फोन करायचं काम हिचं. बरेच दिवस ते म्हणत होते, "तुझी सासू येऊन राहिली." पुण्याच्या कानाला त्याचा अर्थ एकच. आई घरी आली आणि आता तिथेच राहते. तिने नवऱ्याला आपल्या शब्दांत सांगितलं, "बाबा म्हणतात, आई घरात राहायला आल्यात." तो तिकडे हादरला. ठरलं की घराला कुलूप लावायचं आणि बाबांना पुण्याला न्यायचं. बाबा ऐकत नव्हते. म्हणत होते, "थोडं थांब पोरी. ती एवढी पायपीट करून राहिली, अन् दाराले कुलूप पाहीन?"

मी तिला आमचं व्याकरण समजावलं. "अगं, येऊन राहिली म्हणजे येते आहे. वाटेत आहे. जेवून राहिलो म्हणजे जेवतो आहे. सासरे तुझे ती घरात आहे असं कधी म्हणालेच नाहीत."

पलीकडून सुटकेचा श्वास ऐकू आला. "म्हणजे आई घरात नाहीयेत?"

"नाही गं."

"मग कुठे आहेत?"

"सध्या छपरीत," मी म्हणाले.

माझी जीभ मला आयुष्यभर नडली आहे, पण एवढी कधी नाही. मग मॅडमची एकदम काकू झाली. "काकू, मी शनिवारी नागपूरला उतरते. तुम्ही माझ्याबरोबर याल? तुमचं ते ऐकतात."

उन्हाने डांबर मऊ झालेल्या रस्त्याने आम्ही टॅक्सीने गेलो. मृणालच्या मांडीवर सीताबर्डीतून घेतलेलं नवं कुलूप होतं, भलं मोठं, खोक्यातलं. कन्हानच्या पुलावर ती आपण होऊन म्हणाली, "या पुलावर अडल्या होत्या ना?" आणि काच वर केली.

घर साधं, कौलारू. फाटक सताड उघडं. छपरीत एक बाज, तिच्यावर धुतलेली चादर अंथरलेली, उशाशी पाण्याचा तांब्या, वर पेला झाकलेला. गुलाबराव उंच, वाळलेले, इस्त्रीचा सदरा घातलेले. सुनेला पाहून खरोखर आनंदले. आम्हाला आत घेतलं आणि दार लावलं. उन्हाळ्यात सगळेच लावतात, झळा येतात. पन्हं दिलं. मृणालने हळू आवाजात सगळं बोलून पाहिलं. पुण्याला खोली तयार आहे, बाग आहे, इथे तुम्हाला रात्री काही झालं तर कळणार कोणाला, हे एकटं राहणं आता आम्हाला सोसत नाही बाबा. शेवटी रडली. गुलाबराव ऐकत होते. मग म्हणाले, "मी येतो. नाही कुठं म्हणून राहिलो? फक्त तिले पोहोचू दे. एक बार नाही नेलं घरी. आता दुसऱ्यांदा नाही तसं करत मी." मृणालने कुलूप खोक्यातून काढलं नाही.

मग ते माझ्याकडे वळले. "ताई, खरं सांगा. एक तरी सिनेमा असा हाय काय, का दार उघडलं अन् वाईट नाही झालं?"

मी गिऱ्हाइकाला शेवट कधी सांगत नाही, तो माझा नेम. पण हा माणूस शेवट विचारत नव्हता, रीत विचारत होता. मी डोक्यातले सगळे सिनेमे उलथेपालथे केले. "नाही भाऊ," मी म्हणाले. "तसा असता तर तो माझ्या कप्प्यात आलाच नसता."

"मले बी तेच वाटलं. एक चूक करतात सगळे. कोण म्हणून विचारतात, अन् उत्तर यायच्या पहिलेच उघडतात. नाक्यावर असं चालत नव्हतं."

तेव्हाच लाइट गेली. पंखा फिरता फिरता थांबला. पारशिवनीची दुपार नागपूरपेक्षाही मोकळी, आवाजच नाही कुठला. आणि बाहेर छपरीत बाज करकरली. उन्हाने लाकूड वाजतं, मला माहीत आहे. पण लाकूड एकदाच वाजतं. ही बाज, कोणी बसलेलं उठावं, तशी वाजली, आधी मधून आणि मग कडेला. मृणालने माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली.

गुलाबराव दाराशी गेले. सदरा खाली ओढून नीट केला. "कोण?" असं विचारलं, अगदी नोकरीतल्या आवाजात, आणि थांबले. मी इतके सिनेमे पाहिले, पण त्या प्रश्नानंतर थांबलेला माणूस कधी पाहिला नव्हता. मला काही ऐकू आलं नाही. मृणाललाही नाही, मी नंतर विचारलं. पण गुलाबरावांनी मान हलवली, एकदा, नाव पटल्यावर हलवतात तशी, आणि कडी काढली.

दार उघडलं. ऊन आत आलं, झळ आली. छपरी रिकामी. गुलाबराव दारातून बाजूला सरकले. पाहुण्याला वाट द्यायला सरकतो ना आपण, तेवढे. मग मृणालने आतल्या खाटेवरून लोंबकळणारे पाय वर घेतले. आणि कोणी न सांगता मी माझी खुर्ची थोडी मागे ओढली. एक माणूस जाईल एवढी जागा आम्ही तिघांनी मिळून केली होती. हे मला उमजलं, तोवर ती जागा पुन्हा मोकळी झाल्यासारखी वाटत होती. गुलाबरावांनी दार लावलं आणि म्हणाले, "पन्हं उरलं हाय काय वं मृणाल?"

मी संध्याकाळच्या बसने परतले. मृणाल म्हणाली, मी चार दिवस थांबते, इथूनच काम करते, मग बाबांना घेऊन निघते. मी तिला फोन केला नाही. खरं सांगते, धीर झाला नाही. या काळात मी सिनेमेही पाहिले नाहीत. एक लावला होता, पण त्यातल्या पोरीने दाराशी येऊन 'कोण' म्हटलं आणि लगेच कडी काढली, तेव्हा मला तिचा एवढा राग आला की मी बंदच केला. आता शिफारशी मागणाऱ्यांना मी बहुतेक जुनेच सांगते.

मग एका दुपारी मृणालचाच फोन आला. "काकू, उद्या निघतेय मी."

"आणि भाऊ?"

"ते इथेच राहणार."

"आणि तुझा नवरा? तो बरा तयार झाला. माणूस एकटा म्हणून तर न्यायचं होतं ना?"

"यांना मी सांगितलं, बाबा एकटे नाहीत." ती हळू बोलत होती, घरात कोणी झोपलेलं असावं तशी. "बाबा आता येऊन राहिली असं म्हणत नाहीत काकू. बसून राहिली म्हणतात. मी यांना तेच सांगितलं, बाबांच्या शब्दांत. या वेळी माझे शब्द घातले नाहीत."

मी सवयीने समजवायला घेतलं, "अगं, आमच्याकडे त्याचा अर्थ..."

"माहीत आहे," ती म्हणाली. "या वाक्याचा तुमच्याकडे आणि आमच्याकडे एकच अर्थ होतो. मी समोरच बसलेय त्यांच्या."

कोणाच्या, ते मी विचारलं नाही.